तारेनं आवळलेला डबा

सायकलीला तीन कुलपं लावणारा माणूस तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. एक कुलूप मागच्या चाकाला, एक साखळीचं पुढच्या चाकाला, आणि तिसरं सीटला. "सीट काढून नेते न जी लोकं," असं मला समजावून सांगायचे आणि पाच मिनिटांनी पुन्हा बाहेर जाऊन तिन्ही कुलपं ओढून बघायचे. सायकल अशी, की चोरानं नेली असती तर दुसऱ्या दिवशी स्वतःच आणून लावली असती.

हे आमचे घरमालक. सगळं गाव त्यांना चाचा म्हणायचं, म्हणून मीही चाचाच म्हणायचे. गडचिरोली जिल्ह्यातल्या एका जंगलगावी पोस्टात माझी नवी नोकरी लागली होती. मी वरोऱ्याची. रेल्वेच्या शिट्ट्या आणि कापसाच्या गाड्यांची खडखड ऐकत वाढलेली. बदलीचं नव्हे, पहिल्याच नेमणुकीचं ते गाव ऐकून आईनं डोळ्याला पदर लावला होता. वाघ आहेत म्हणे, मलेरिया आहे म्हणे, बंदूकवाले आहेत म्हणे. मी ऐटीत सांगितलं, मला कशाची भीती वाटत नाही. आणि देवाची करणी बघा, खोली मिळाली ती अख्ख्या जिल्ह्यातल्या सगळ्यात भित्र्या माणसाच्या घरात!

चाचांचं दुकान बसस्टँडसमोर. स्टोव्ह, कुकर, कुलूप, टॉर्च, छत्री, काय म्हणाल ते दुरुस्त करायचे. हात सोन्याचा. पण मला नेहमी वाटायचं, त्या दुकानानंच त्यांचा घात केला. चांगला चाललेला स्टोव्ह घेऊन दुकानात कोण येतं? जन्मभर त्यांच्यासमोर आली ती भडकलेली, फुटलेली, अडकलेली वस्तूच. त्यामुळे जगात कुठलीही गोष्ट नीट चालते यावर त्यांचा विश्वासच नव्हता. "काय भरोसा जी?" हे त्यांचं पालुपद. नमस्कार केला तरी उत्तर तेच. "बऱ्या आहात न बाई? राहा, राहा. काय भरोसा जी?"

माझ्या कुकरची शिट्टी झाली की हे अंगणात. बाहेरून ओरडायचे, "दार उघडं ठेवा बाई! पळायले बरं पडते!" पंख्याखाली झोपायचे नाहीत, खाट कोपऱ्यात. विजा चमकायला लागल्या की खिशातली चिल्लर, चष्मा, चाव्या सगळं दूर ठेवून रबरी चपला घालून लाकडी पाटावर बसायचे. एकदा तसेच बसलेले असताना मी विचारलं, "चाचा, दातात चांदी भरली हाय तुमच्या, त्याचं काय?" त्या दिवशी पाऊस थांबेपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. मी खोलीत जाऊन पोट धरून हसले.

त्यांची सख्खी बहीण गडचांदूरला. तिचा नवरा सिमेंटच्या कारखान्यात. दर ईदेला तीच पोराबाळांना घेऊन यायची आणि भावाशी भांडून जायची. हे कधी गेले नाहीत. का, तर रस्त्यात जंगल लागतं.

"चाचा, आपण जंगलातच तं राह्यतो."

"राह्यतो ते निराळं. आपण घरात बसून राह्यतो."

गावातले पोट्टे त्यांना छळायचे. दुकानासमोरून जाताना "चाचा, वाघ!" म्हणून ओरडले की चाचा शटर अर्ध्यावर ओढायचे. खोटं आहे हे त्यांनाही ठाऊक असायचं. पण शटर ओढायचेच.

आता हसते आहे मी, पण भीती ही खरजेसारखी असते, शेजारी बसलं तरी लागते. वर्षभरात मीही रात्री दोनदा कडी बघायला लागले. आणि खरं सांगू का, त्या गावात भ्यायला कारणं कमी नव्हती. जंगलातल्या बंदूकवाल्यांना तिकडे 'अंदरवाले' म्हणत, तेसुद्धा आवाज खाली करून. दिवस मावळायच्या आत दुकानं बंद व्हायची. संध्याकाळी एखादी जीप गेली, की ती दूर जाईपर्यंत अंगणातली माणसं बोलणं थांबवायची. रस्त्याकडेला बेवारशी काही दिसलं, डबा, पिशवी, दुधाची बरणी, तर हात लावायचा नाही, हे तिकडच्या शेंबड्या पोराला कळत होतं. पोस्टाचा थैला कधी यायचा, कधी दोन-दोन दिवस यायचा नाही, आणि का आला नाही हे कोणी विचारायचं नाही.

तर अशा माणसाच्या दुकानात एक मांजर येऊन राहिली. चाचांनी तिला आणली नव्हती. ते तिलाही भ्यायचे. नखं लागतील, केस पोटात जातील, काय भरोसा? पण ती बेटी मोडक्या छत्र्यांच्या ढिगावर जाऊन झोपली, ती झोपलीच. मग चाचा त्या कोपऱ्यातली छत्री काढायची असली, तर गिऱ्हाइकाला म्हणायचे, "उद्या या. आता ती झोपली हाय." तिथंच तिला तीन पिल्लं झाली. दोन पिवळी, एक करडं. करडं अगदीच बारकं, मुठीत मावेल एवढं.

त्याच साली प्लेगची आवई उठली. प्लेग होता दूर कुठेतरी, रेडिओवर बातम्या यायच्या. पण चाचांना तो आपल्या नाल्यापलीकडे येऊन उभा आहे असंच वाटायचं. त्यांनी बाजारातून उंदराचं औषध आणलं, कणकेच्या गोळ्या केल्या आणि दुकानाच्या, घराच्या, माझ्याही खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात ठेवल्या.

मी म्हटलं, "चाचा, घरात मांजर आहे."

"ती गोळीले तोंड नाई लावत जी. मी ठेवून पाह्यली तिच्यासमोर. वास घेते अन् जाते."

खरंच होतं ते. तिनं गोळी नाही खाल्ली. गोळी उंदरानं खाल्ली, आणि उंदीर तिनं खाल्ला. सकाळी पाण्याच्या रांजणाजवळ ती आडवी पडलेली सापडली, पाय ताठ झालेले. चाचांनी त्या दिवशी दुकान उघडलं नाही. ओट्यावर बसून राहिले. मी चहा नेऊन दिला, तर कप हातात धरून म्हणाले, "बाई, मी भेलो म्हणून ती मेली." खोटं बोलून समजूत घालावी, तर गोष्ट खरी होती.

मग पिल्लांचं सुरू झालं. डोळ्यांत औषध टाकायच्या ड्रॉपरनं दूध पाजायचे. पिल्लांना जुलाब लागले. दूध बंद केलं, मीठ-साखरेचं पाणी सुरू केलं. करडं तर मान टाकायला लागलं. गावात जनावरांचा दवाखाना होता, पण डॉक्टरची जागा रिकामी. तिथला शिपाई म्हणाला, "बैल असता तं गोळी देली असती चाचा. मांजरीच्या पिलाचं काय घेऊन बसले? पोत्यात भरा अन् नाल्यापलीकडं सोडून द्या." चाचा परत आले आणि माझ्या दारात उभे राहिले.

"बाई, तुमी शनिवारी घरी जाऊन राह्यल्या न? चंद्रपूरवरूनच जाता न?"

"हाव."

"मी बी येतो. तिथी डॉक्टर हाय म्हणते. हे तिघं मेले तर मी कोणाले तोंड दाखवू?"

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. जंगल लागतं म्हणून बहिणीकडे न गेलेला माणूस!

त्यानंतर दुकानात जी ठोकठोक सुरू झाली ती काय विचारता. पिल्लं न्यायची कशात, हा प्रश्न चाचांनी जगातल्या सगळ्या संकटांचा विचार करून सोडवला. टोपलीत नको, सटकतील. पिशवीत नको, कोणी पाय देईल. पोतं तर नाहीच, पोत्याचं नाव काढलं की त्यांचा चेहरा पडायचा. शेवटी बिस्किटांचा मोठा चौकोनी पत्र्याचा डबा घेतला. त्याला हवेसाठी भोकं पाडली. भोकांच्या कडा पंजांना कापतील म्हणून एकेक कड कानशीनं घासली, वर काळी टेप चिकटवली. धक्क्यानं झाकण उडेल म्हणून चारी बाजूंनी तांब्याची तार आवळून पक्कडीनं पिळायची ठरवली. धरायला सायकलच्या ब्रेकची तार. आत टॉवेल, आणि सकाळची थंडी म्हणून गरम पाण्यानं भरलेली सलाईनची बाटली.

मी बघितलं आणि म्हटलं, "वा चाचा! राजेशाही थाट झाला पिल्लांचा." खरंच म्हटलं. त्या गावात राहून, रोज त्या रस्त्याच्या गोष्टी ऐकून, मला त्या डब्यात दुसरं काही दिसलं नाही. आणि सगळ्या गोष्टींचा विचार करणाऱ्या चाचांनाही नाही दिसलं.

शनिवारी पहाटेची एसटी. कंडक्टरनं विचारलं, "चाचा? तुमी? अन् डब्ब्यात काय हाय?" गाडीत मांजर घेतली म्हटलं तर ड्रायव्हर अपशकुन म्हणून उतरवून देईल, ही चाचांची भीती. तेव्हा त्यांनी ठोकून दिलं, "मशीनचे पार्ट हाय." आतून बारीक 'म्यूं' आलं, तसे चाचा जोरात खोकले. मग वाटभर तेच. पिल्लू ओरडलं की चाचा खोकायचे. पुढच्या बाकावरची बाई म्हणाली, "दवाखान्यात दाखवा बापा, छाती भरली हाय तुमची." मला हसू आवरेना. चाचा मात्र खिडकीबाहेर बघत नव्हते. दोन्ही बाजूंनी साग, बांबू, आणि मधून तो लाल मातीचा रस्ता. त्यांनी डोळे मिटून तळहात डब्याच्या भोकांवर धरला होता. घाम टपटप गळत होता, तोही थंडीत.

एका वळणावर गाडी थांबली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं आणि कोणी काही विचारलं नाही. समोर दोन मोठी झाडं तोडून रस्त्यावर आडवी पाडलेली होती, फांदीला लाल कापड बांधलेलं. तिकडच्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. अंदरवाल्यांनी बंद पुकारला. अशा झाडाला हात लावायचा नसतो, त्याच्या खाली काय पुरलेलं असेल सांगता येत नाही. पोलिस येतात, बघतात, मग पलीकडून येणाऱ्या गाडीत माणसांची बदली होते. तोवर बसून राहायचं.

ऊन चढलं. गाडीत बिड्या पेटल्या. धुरानं पिल्लं घुसमटतील म्हणून चाचा डबा घेऊन खाली उतरले, मागोमाग मी. गाडीपासून चांगलं लांब, मोहाच्या सावलीत एक सपाट दगड होता, त्यावर त्यांनी डबा ठेवला. मग मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली काढली तर ती सांडून रिकामी. थोड्या अंतरावर एक टोला दिसत होता, चार-पाच घरं आणि हातपंप.

"बाई, मी एकटा कसा जाऊ जी?"

"चला, मी येते. डबा?"

"राहू द्या. हलवला तर जागतील. आता झोपले हायत."

"मंग कोणाले तरी लक्ष ठेवायले सांगू."

"नाई नाई! सांगितलं की लोकं उघडून पाह्यतात. पिल्लं जंगलात पळाले तर? कोणाले काही बोलू नका. काय भरोसा?"

आणि मी नाही बोलले. आम्ही गेलो. टोल्यातल्या एका गोंड म्हातारीनं चुलीवरचं कोमट पाणी बाटलीत ओतून दिलं. एवढीच काय ती वेळ.

परत आलो तर गाडीजवळ कोणीच नाही. सगळी माणसं रस्त्याच्या पलीकडच्या खोलगट जागेत दाटीवाटीनं बसलेली, बायांनी पोरांची डोकी पदराखाली घेतलेली. पायी आलेली पोलिसांची तुकडी झाडांआड जमिनीवर पालथी पडलेली. आणि सगळ्यांच्या नजरा एकाच जागेवर. मोहाच्या झाडाखाली, दगडावर, पत्र्याचा डबा. वर तार आवळलेली, काळी टेप लावलेली, बाजूला एकही माणूस नाही.

तेव्हा मला तो डबा दिसला. मघापर्यंत बघितला होता, दिसला तेव्हा.

"कोणाचा आहे हा डबा?" तरणा फौजदार ओरडला. बोलण्यावरून घाटावरचा.

"माझा जी," चाचा म्हणाले. ते मलाच ऐकू आलं. मी ओरडले, "आमचा आहे साहेब! मांजरीची पिल्लं आहेत त्यात!"

कंडक्टर खड्ड्यातून बोलला, "मले तं मशीनचे पार्ट म्हणे हा!"

झालं. दोन बंदुका आमच्याकडे वळल्या. फौजदारानं चाचांना हात वर करायला लावले.

"तार कशाला बांधली?"

"झाकण उडू नये म्हणून जी."

"ती टेप?"

"पत्रा लागते न पंजाले."

"मग खोटं का बोललात? आणि पिल्लं आहेत तर ओरडत का नाहीत?"

आम्ही सगळेच कान देऊन ऐकत होतो. पानांची सळसळ, कुठे एक भारद्वाज, आणि डब्यातून काही नाही. चाचांनी ओठांनी चकचक करून बोलावलं, ड्रॉपर घेताना बोलवायचे तसं. काही नाही. मी आयुष्यात कशाची एवढी वाट पाहिली नसेल, जेवढी त्या एका 'म्यूं'ची पाहिली.

चाचा माझ्याकडे वळले. तोंड पांढरंफटक. कुजबुजले, "बाई, आपण गेलो तवा तिथी कोणी नव्हतं. मधातल्या वेळात कोणी डब्ब्याखाली काही ठेवलं असन तर?"

त्यांचा गळा धरावासा वाटला मला. आणि दुसऱ्याच क्षणी मीही वाकून दगडाखाली बघायला लागले. कारण ते अशक्य नव्हतं. त्या रस्त्यावर, त्या पाडलेल्या झाडांशेजारी, काहीच अशक्य नव्हतं.

"मागे व्हा सगळे," फौजदार म्हणाला. "बॉम्बशोधक पथक बोलवायला वेळ नाही. लांबून गोळी घालू. काही असलं तर तिथेच उडेल." एका शिपायानं कोपर टेकून नेम धरला.

"थांबा जी!" हा आवाज चाचांचा होता हे कळायला मला वेळ लागला. "मी उघडतो."

"मरायचंय का म्हातारबा?"

"नाई जी. मले लय भेव वाटून राह्यलं." वर केलेले हात त्यांनी हळूच खाली घेतले. "पण तुमी गोळी घातली, अन् आत तेच असले, तर? त्याईची माय बी मीच मारली जी."

फौजदाराला त्यातलं काय कळलं कोण जाणे. त्यानं शिपायाच्या खांद्यावर हात ठेवला. मग म्हणाला, "तुमच्या जबाबदारीवर."

चाचांनी खिशातला चाव्यांचा जुडगा काढून माझ्या हातात दिला. "मोठी शटरची. डावीकडं दाबून फिरवा, नाई तं अडकते." मी म्हटलं, "चाचा, नका जाऊ." ते गेले. चालताना दोनदा थांबले. मला वाटलं परत फिरतात. मोहाखाली पोचले, दगडासमोर उकिडवे बसले, खाली वाकून दगडाच्या चारी बाजू बघितल्या. मग तारेला हात घातला.

तार सुटेना. पक्कडीनं पिळलेली तार, ती हातानं कशी सुटायची? ते ओढत होते, बोटं घसरत होती. शेवटी मान वळवून ओरडले, "बाई! पक्कड!"

डबा उघडायला आणलेली पक्कड माझ्या खांद्यावरच्या पिशवीत. मी ती काढली आणि फेकायला हात मागे नेला, तर सगळे एकदम किंचाळले, "फेकू नका!"

मेल्या म्हाताऱ्या, तुझ्या काळजीला आग लागो, असं मनात म्हणत मी निघाले. शिव्या देत होते म्हणून चालता आलं, नाहीतर तिथंच मटकन बसले असते. पाचोळ्यावर पाय पडला की आवाज व्हायचा, आणि प्रत्येक आवाजाला वाटायचं, हाच. आई आठवली. कशाची भीती वाटत नाही म्हणून तिच्यासमोर मारलेली फुशारकी आठवली. मी पक्कड चाचांच्या हातात दिली.

"जा आता तुमी," ते म्हणाले.

"उघडा आधी," मी म्हणाले. परत तेवढं चालायची माझ्यात ताकद नव्हती, हे खरं कारण.

कट्. कट्. तार तुटली. चाचा डब्यावर पूर्ण ओणवे झाले, मला दिसू नये असे, आणि त्यांनी झाकण उचललं. काही झालं नाही. काहीच झालं नाही. मग त्यांच्या काखेखालून एक पिवळं डोकं वर आलं, उन्हात डोळे मिचकावत, आणि त्यानं तोंड उघडून केवढ्यानं 'म्यांव' केलं! चाचांनी त्याला मानेला धरून उंच केलं. पलीकडून कोणी टाळी वाजवली, कोणी शिवी हासडली, एक बाई रडायला लागली.

"बाकीचे?" मी विचारलं.

"झोपले हायत," चाचा म्हणाले आणि झाकण लावून टाकलं.

फौजदारानं त्यांना असं झापलं की काय सांगू. पण बोलता बोलता त्याचाच आवाज फाटत होता. मग दुपारी पलीकडून गाडी आली. आम्ही पोलिसांनी दाखवलेल्या पायवाटेनं रांगेत जाऊन त्या गाडीत बसलो. माणसं आता चाचांना जागा करून देत होती, खांद्यावर थोपटत होती. आमचा कंडक्टर आपल्या गाडीकडे वळताना म्हणाला होता, "मानलं चाचा तुमाले." चाचा कोणाशी बोलले नाहीत. खोकलेही नाहीत. मला वाटलं, धसका घेतला असेल.

चंद्रपूरला एका गल्लीत जनावरांचा डॉक्टर होता. दवाखाना बंद करायच्या बेतात होता बिचारा, पण आमची तोंडं बघून त्यानं दिवा लावला. चाचांनी टॉवेलसकट पिल्लं टेबलावर ठेवली. दोन पिवळी सरपटत सुटली. करडं हललं नाही. त्याचे पाय ताठ होते.

मी चाचांकडे बघितलं. त्यांना माहीत होतं. मोहाखाली झाकण उघडलं तेव्हाच माहीत झालं होतं. तिथून चंद्रपूरपर्यंत तो डबा मांडीवर घेऊन, गाडीभर लोकांची शाबासकी ऐकत, ते गप्प बसून आले होते.

"डॉक्टरसाहेब," ते म्हणाले, "एकच सांगा. माझ्या डब्ब्यानं गेलं का हे?"

डॉक्टरनं डबा उचलला, भोकं बघितली, टेप बघितली. करड्याचं पोट दाबून बघितलं, तोंड उघडून बघितलं.

"नाही हो. हवा भरपूर होती. याला जंतांनी पोखरलं होतं. घरी असतं तरी गेलंच असतं."

"खरं न जी?"

"खरंच."

"दम नाई न कोंडला त्याचा?"

"नाही म्हटलं ना बाबा."

तो खरं बोलला का, मला आजही सांगता येत नाही. चांगला माणूस होता एवढं नक्की. त्यानं दोन्ही पिल्लांना सलाईन टोचलं, औषध दिलं. दवाखान्यातल्या शिपायानं मागच्या लिंबाखाली खड्डा केला आणि करडं डब्यात ठेवायला लागला, तर चाचांनी त्याचा हात धरला. "डब्ब्यात नको. मोकळंच ठेवा." डबा तिथंच राहिला, तार आणि टेपसकट.

रस्ता बंद, गावाकडे परतीची गाडी नव्हती. मी म्हटलं, आमच्याकडे वरोऱ्याला चला. भद्रावतीच्या पुढे गाडी निघाली तेव्हा चाचा खिडकीशी बसले होते. दोन्ही पिल्लं सदऱ्याच्या आत, छातीशी, वरून तळहात. कंडक्टरनं विचारलं काय आहे, तर सरळ म्हणाले, "मांजरीचे पिल्लं हायत. उतरवाचं असन तर उतरवा." त्यानं हसून तिकिटं फाडली.

मला राहवेना. "चाचा, मोहाखाली तुमाले समजलं होतं न? मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमी भेल्या असत्या जी. परत तेवढं चालाचं होतं तुमाले."

मग मधेच दचकले. माझ्याकडे वळून म्हणाले, "बाई, चूप झाले हे. हात लावून पाह्या बरं जरा. दोघाईची धडधड लागते न? का मलेच तसं वाटून राह्यलं?"

गाडी भरलेली होती, लोक बघत होते. मी हात पुढे केला आणि सदऱ्यावरून ठेवला. हाताखाली ऊब होती, मऊ काहीतरी होतं, आणि त्या सगळ्याखाली चाचांचं काळीज असं थाडथाड उडत होतं, की बाकी कोणाचं काही कळायला मार्ग नव्हता.

"लागते चाचा," मी म्हणाले. "दोघांचीही लागते."